माघारी न आलेल्या वस्तू

१२ एप्रिल २०१९ रोजी अमेरिकेतल्या फिशर-प्राइस कंपनीने तान्ह्या बाळांना झोपवण्याचा आपला एक झोपाळा बाजारातून मागे घेतला. ‘रॉक एन प्ले स्लीपर’ हे त्याचं नाव. २००९ पासून असे सुमारे ४७ लाख झोपाळे विकले गेले होते आणि त्यात झोपवलेली तीसहून अधिक बाळं दगावली होती. विक्री थांबली, ठळक बातम्या आल्या, ज्यांच्या घरी हा झोपाळा आहे त्यांनी तो ताबडतोब वापरणं थांबवावं असं जाहीर झालं. प्रकरण तिथे संपायला हवं होतं. पण जानेवारी २०२३ मध्ये कंपनी आणि सरकारी आयोग यांना तीच घोषणा नव्याने करावी लागली. तोवर नोंदलेल्या मृत्यूंचा आकडा शंभराच्या घरात गेला होता आणि त्यातली किमान आठ बाळं पहिल्या घोषणेनंतर गेली होती.

ही आठ बाळं डोळ्यांसमोर ठेवून मी हा लेख लिहितो आहे. एखाद्या कंपनीने रिकॉल जाहीर केलं की आपण ती बातमी वाचतो, ‘बरं झालं, वेळीच लक्षात आलं’ म्हणतो आणि पान उलटतो. कोणत्या कंपनीचे किती रिकॉल झाले याच्या याद्याही प्रसिद्ध होतात आणि त्या वाचून आपण कंपन्यांना चांगलं-वाईट ठरवतो. माझं म्हणणं असं, की ही वाचण्याची रीतच चुकीची आहे. दोष कळल्यापासून तो लोकांना सांगेपर्यंत किती काळ गेला आणि सांगितल्यावर किती वस्तू खरोखर माघारी आल्या, हे विचारल्याशिवाय रिकॉलच्या बातमीला काही अर्थ नाही. आणि आपल्या देशात हे विचारण्याची सोयही नाही, सवयही नाही.

त्या झोपाळ्याकडे जरा जवळून पाहू. त्याची पाठ सुमारे ३० अंशांत तिरकी होती. पोटात वायू धरणारं, दूध उलटणारं बाळ त्यात शांत झोपतं असं आईवडिलांना वाटायचं आणि रात्रभरच्या झोपेसाठी म्हणूनच तो विकला जात होता. पण तान्ह्या बाळाने अजून मान धरलेली नसते. तिरक्या जागी डोकं पुढे झुकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबते. बाळ रडत नाही, धडपडत नाही. आवाजच होत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ पालथं पडायला लागलं की दुसरा धोका सुरू होतो. कुशीवरून वळलेल्या बाळाचं तोंड मऊ गादीत रुततं आणि त्या उतारावरून त्याला परत उताणं होता येत नाही. बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर, उताणं झोपवावं हा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला या झोपाळ्याच्या जन्माआधीपासूनचा आहे. तरी वस्तू बाजारात आणण्यापूर्वी कंपनीने वैद्यकीय सल्ला घेतला तो एका डॉक्टरचा, आणि तेही बालरोगतज्ज्ञ नव्हते.

या गोष्टी २०१९ मध्ये अचानक उजेडात आल्या असंही नाही. २०११ च्या सुमारास कॅनडाच्या आरोग्य खात्याने झोपण्याचं साधन म्हणून त्याला मान्यता दिली नाही. तिथे तो बाळाला रमवण्याची खुर्ची म्हणून विकला गेला. ऑस्ट्रेलियातल्या नियामकांनीही हरकत घेतली होती. एकाच कंपनीची एकच वस्तू एका देशात पाळणा आणि शेजारच्या देशात खुर्ची म्हणून आठ वर्षं विकली जात होती.

मग अमेरिकेत हे इतकी वर्षं दडून कसं राहिलं? याचं मोठं उत्तर कायद्यात आहे. तिथे १९७२ च्या कायद्याने ‘कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन’ हा आयोग स्थापन झाला. धोकादायक दोष लक्षात आल्यावर उत्पादकाने चोवीस तासांत आयोगाला कळवायचं, असं बंधन त्यात आहे. पण त्याच कायद्याच्या सहाव्या कलमात उत्पादकांना एक संरक्षण दिलं आहे. कंपनीचं नाव घेऊन आयोगाला काही प्रसिद्ध करायचं असेल, तर आधी त्या कंपनीला किमान पंधरा दिवसांची सूचना द्यावी लागते, तिचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि वाद वाढला तर कंपनी न्यायालयातही जाऊ शकते. परिणामी, कुठल्या वस्तूमुळे किती माणसं मेली याचे आकडे आयोगाकडे असतात, पण उत्पादकाच्या नावासकट ते लोकांपर्यंत पोहोचत नाहीत. फिशर-प्राइसचं प्रकरण फुटलं ते एका चुकीमुळे. आयोगाकडून ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या नियतकालिकाच्या हाती माहिती गेली, तिच्यात कंपन्यांची नावं झाकायची राहून गेली होती. ५ एप्रिलला आयोग आणि कंपनी दहा मृत्यूंबद्दल बोलत होते. ८ एप्रिलला नियतकालिकाने बत्तीस मृत्यू छापले. १२ एप्रिलला रिकॉल झालं. दहा वर्षांत जे घडलं नाही ते आठवड्याभरात घडलं.

हा आठवडा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या सात दिवसांत झोपाळ्याबद्दल कुठलाही नवा वैज्ञानिक शोध लागला नव्हता. फक्त मृत्यूंच्या शेजारी उत्पादकाचं नाव छापून आलं होतं. उत्पादकाचं नाव गुप्त ठेवण्यामागचं कारण न्याय्य वाटतं. अर्धवट माहितीवर एखाद्याचा धंदा बुडू नये, हे कुणालाही पटेल. पण या संरक्षणाची किंमत कोण मोजतं? ती माहिती मिळाली असती तर ज्याने तो झोपाळा घेतलाच नसता, असा बाप.

आता दुसरा प्रश्न: घोषणेनंतरही वस्तू घरात का राहते? फिशर-प्राइसने देऊ केलेली भरपाई पाहा. झोपाळा घेऊन सहा महिने किंवा त्याहून कमी काळ झाला असेल तर पूर्ण पैसे परत. त्याहून जुना असेल तर कंपनीच्याच दुसऱ्या एखाद्या वस्तूसाठी कूपन. दहा वर्षं विकल्या गेलेल्या वस्तूचे बहुसंख्य मालक दुसऱ्या गटातले असणार हे उघड होतं. रात्री तीन वाजता रडणाऱ्या बाळाला शांत करणारी वस्तू, आणि तिच्या बदल्यात एक कूपन. झोपेला मुकलेली आई ती वस्तू टाकून देईल ही अपेक्षा ठेवणाऱ्याने घरात तान्हं बाळ पाहिलेलं नाही. २०१७ मध्ये याच आयोगाने रिकॉलच्या परिणामकारकतेवर कार्यशाळा घेतली, तेव्हा मांडलेला आकडा असा होता: दुकानांत आणि गोदामांत पडून असलेल्या मालाचा बंदोबस्त चांगला होतो, पण ग्राहकाच्या घरी पोहोचलेल्या वस्तूंपैकी जेमतेम ६ टक्के परत येतात किंवा दुरुस्त होतात. शंभरातल्या चौऱ्याण्णव तिथेच राहतात. जगातल्या सर्वांत जुन्या आणि सुसज्ज यंत्रणांपैकी एकीचा हा अनुभव आहे.

याच्या उलट २०१६ चं सॅमसंग गॅलेक्सी नोट ७ चं प्रकरण. १९ ऑगस्टला फोन विक्रीला आला, दोन आठवड्यांत बॅटऱ्या पेटू लागल्या आणि २ सप्टेंबरला कंपनीने सुमारे पंचवीस लाख फोन परत बोलावले. बदलून दिलेले फोनही पेटले तेव्हा ११ ऑक्टोबरला उत्पादनच थांबवलं. त्यानंतर कंपनीने जे केलं ते पाळण्याच्या किंवा मिक्सरच्या उत्पादकाला करता येत नाही: फोनच्या आतच सूचना पाठवल्या, आणि शेवटी अशी प्रणाली पाठवली की तो फोन चार्जच होईना. विमान कंपन्यांनी तो विमानात आणू देणं बंद केलं. आपल्याकडेही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमानात तो चालू ठेवायला मनाई केली. जानेवारी २०१७ पर्यंत ९६ टक्के फोन परत आले होते. कंपनीची नियत चांगली की वाईट, या वादात मी पडत नाही. प्रत्येक फोनपर्यंत कंपनीला पोहोचता येत होतं आणि प्रत्येक मालकाला पूर्ण मोबदला मिळत होता. झोपाळ्याच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी नव्हत्या. ९६ आणि ६ या आकड्यांमधलं अंतर बरंचसं यातून आलं आहे.

मोटारींच्या बाबतीत मालकांची नोंद असतेच, तरी तिथेही माणसं मेली, आणि ती कथा कंपनीनिहाय याद्या वाचणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे. जनरल मोटर्सच्या कोबाल्ट आणि इतर काही छोट्या गाड्यांमध्ये किल्लीचा स्विच सैल होता. किल्लीच्या जुडग्याचं वजन पडलं, गुडघा लागला, किंवा खड्ड्यातून गाडी गेली की किल्ली फिरायची, चालत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं, स्टिअरिंग जड व्हायचं आणि धडक बसली तर एअरबॅग उघडायची नाही. कंपनीतल्या अभियंत्यांना या स्विचचं दुखणं २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच माहीत होतं. २००६ मध्ये तो भाग गुपचूप सुधारला गेला. आतली एक दांडी थोडी लांब केली. पण भागाचा क्रमांक बदलला नाही. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं कंपनीच्याच तपासनिसांना कळेना की जुन्या गाड्या अपघातात का सापडतात आणि नव्या का नाही. अखेर एका मृत तरुणीच्या आईवडिलांच्या वकिलाने नेमलेल्या अभियंत्याने जुना आणि नवा असे दोन स्विच शेजारी ठेवून मोजले आणि दीड-दोन मिलिमीटरचा तो फरक सापडला. फेब्रुवारी २०१४ मध्ये रिकॉल सुरू झालं, ते सुमारे २६ लाख गाड्यांपर्यंत गेलं. भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले.

या धक्क्याने हादरलेल्या जनरल मोटर्सने २०१४ या एका वर्षात जगभरात मिळून तीन कोटींच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. जुन्या फायली उघडल्या, बारीकसारीक दोषही जाहीर केले. त्या वर्षीची कंपनीनिहाय यादी काढली तर हे नाव सर्वांत वर दिसतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं की याच वर्षी या गाड्या सर्वांत धोकादायक होत्या. प्रत्यक्षात धोका होता तो आधीच्या दहा वर्षांत, जेव्हा स्विचच्या दोषाबद्दल या कंपनीचं नाव कुठल्याही यादीत नव्हतं. यादीतलं मोठं नाव पुष्कळदा उशिरा का होईना खरं बोलू लागलेलं असतं. कोरी जागा कुणाची आहे हे पाहिलं पाहिजे.

व्यवस्थापनाच्या वर्गांत रिकॉल म्हटलं की १९८२ चं टायलेनॉल प्रकरण शिकवतात. शिकागो परिसरात कुणीतरी वेदनाशामक कॅप्सूलमध्ये सायनाइड भरलं, सात माणसं गेली, आणि जॉन्सन अँड जॉन्सनने ३ कोटी १० लाख बाटल्या परत बोलावून सुमारे दहा कोटी डॉलरचं नुकसान सोसलं. निर्णय धाडसी होता, त्यातून सीलबंद झाकणांची पद्धत आली, हे सगळं खरं. पण आदर्श म्हणून हे उदाहरण मला अपुरं वाटतं. विष बाहेरच्या माणसाने घातलं होतं. कंपनीला स्वतःची चूक कबूल करायची नव्हती. आपल्याच कारखान्यात, आपल्याच आराखड्यात दोष निघतो तेव्हा खरी परीक्षा होते. ती याच कंपनीची पुढे झाली आणि तिच्या खुणा मुंबईत आहेत.

जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या उपकंपनीचा ‘एएसआर’ नावाचा कृत्रिम खुबा. धातूवर धातू घासणारा. घासताना कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण रक्तात जात, आजूबाजूचं मांस सडवत, रुग्णाला वर्षानुवर्षं वेदना होत आणि खुबा पुन्हा बदलावा लागे. ऑस्ट्रेलियात सांधेबदल शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही आहे. कुणाला कुठल्या कंपनीचा कोणता सांधा बसवला आणि तो किती टिकला, हे तीत लिहिलं जातं. त्या नोंदींतून हा खुबा नापास होतोय हे दिसलं आणि डिसेंबर २००९ मध्ये तो तिथल्या बाजारातून उठला. जगभरातलं रिकॉल झालं ते ऑगस्ट २०१० मध्ये. तोवर सुमारे ९३ हजार माणसांच्या शरीरात तो बसवलेला होता. त्यांतले सुमारे ४,७०० भारतातले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने महेश झगडे आयुक्त असताना या प्रकरणाचा पाठपुरावा केला, मुंबईत माहीम पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. केंद्राने मात्र डॉ. अरुण अगरवाल यांची तज्ज्ञ समिती नेमली ती २०१७ मध्ये, रिकॉलनंतर सात वर्षांनी. अमेरिकेतल्या हजारो रुग्णांशी अडीच अब्ज डॉलरची तडजोड २०१३ मध्येच झाली होती.

समितीच्या अहवालातली सर्वांत दुखरी गोष्ट नुकसानभरपाईच्या रकमेत नाही. ४,७०० शस्त्रक्रियांपैकी हजारभर रुग्णांचाच पत्ता लागला. उरलेले साडेतीन हजारांहून अधिक लोक सापडलेच नाहीत. वस्तू माणसाच्या हाडात ठोकून बसवलेली. ती हरवणार कुठे? पण रुग्णालयाने रुग्णाचा पत्ता जपला नाही, शल्यविशारदाने खुब्याचा क्रमांक कळवला नाही, कंपनीने विचारला नाही. यांतला एखादा सातारा-सांगलीकडचा निवृत्त शिक्षक असेल. खुबा दुखतो तो वयामुळे, असं त्याला सांगितलं गेलं असेल आणि त्याने ते मानलंही असेल. आपल्या शरीरातली वस्तू कंपनीने कधीच परत बोलावली आहे हे त्याच्या गावीही नसेल. ऑस्ट्रेलियातल्या नोंदवहीने दोष शोधला, आणि आपल्याकडे ती नव्हती म्हणून दोष कळल्यावरही माणूस सापडला नाही. एकच वही दोन्ही कामं करते, हे आपल्याकडे अजून पुरेसं उमगलेलं नाही.

कायदे आपल्याकडे आता आहेत. मोटारींसाठी २०१२ पासून कंपन्यांच्या संघटनेची ऐच्छिक आचारसंहिता होती. त्याआधीचा काळ कसा होता हे नॅनोवरून आठवतं. काही नॅनो गाड्यांना आगी लागल्यावर नोव्हेंबर २०१० मध्ये टाटा मोटर्सने सुरक्षेचे जादा भाग मोफत बसवून देऊ केले, आणि हे रिकॉल नव्हे असंही आवर्जून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सक्तीच्या रिकॉलची तरतूद आली. १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. पुढच्याच वर्षी, २६ मार्च २०२२ रोजी, पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली एक ओला विद्युत स्कूटर पेटली. ते दृश्य देशभर पाहिलं गेलं, आणि एप्रिलमध्ये कंपनीने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी मागवल्या. इथेही क्रम तोच होता: लोकांनी धूर पाहिला, नाव कळलं, मग स्कूटर मागवल्या गेल्या.

इतर सर्व घरगुती वस्तूंसाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्याखाली जुलै २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आलं आणि विसाव्या कलमाने त्याला धोकादायक माल परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. या अधिकाराचा मला सर्वांत आश्वासक वाटणारा वापर प्रेशर कुकरच्या बाबतीत झाला. कुकरच्या झाकणावरचा सुरक्षा वॉल्व्ह म्हणजे शिट्टीची वाट तुंबली तर वितळून वाफेला मोकळं करणारा लहानसा धातूचा तुकडा. तो चुकीच्या मिश्रधातूचा असला तर वितळत नाही, आणि मग झाकणच उडतं. म्हणून १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय घरगुती कुकर विकायला बंदी आहे. तरीही ते ऑनलाइन सर्रास विकले जात होते. ऑगस्ट २०२२ मध्ये प्राधिकरणाने ॲमेझॉनला २,२६५ आणि फ्लिपकार्टला ५९८ कुकरच्या ग्राहकांना कळवण्याचे, कुकर परत घेण्याचे, पैसे चुकते करण्याचे आणि पंचेचाळीस दिवसांत अहवाल देण्याचे आदेश दिले. दंड झाला प्रत्येकी एक लाख. एकट्या ॲमेझॉनने या विक्रीवर मिळवलेलं शुल्कच सहा लाखांच्या वर होतं. दंडाची रक्कम मला हास्यास्पद वाटते, पण आदेशाची पद्धत अगदी योग्य होती. कारण ऑनलाइन दुकानाकडे प्रत्येक ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन असतो. २,२६५ म्हणजे २,२६५ स्वयंपाकघरं, नावानिशी माहीत असलेली. सहा टक्क्यांवर समाधान मानायला तिथे काही सबबच उरत नाही.

तरी प्राधिकरणाचे असे आदेश मोजकेच. एवढ्या मोठ्या देशात गिझर, इस्त्र्या, खेळणी, मिक्सर, पंखे यांचे रिकॉल आपण कितीदा ऐकतो? जवळजवळ नाहीच. आणि याचा अर्थ आपण असा लावतो की आपल्याकडच्या वस्तू ठीक असाव्यात. गिझरमध्ये शॉक लागून माणूस गेल्याची बातमी येते, तीत गिझरच्या कंपनीचं नाव नसतं. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि फाइल मिटते. पाच जिल्ह्यांत एकाच कंपनीच्या एकाच नमुन्याने पाच माणसं गेली, तरी ती पाच प्रकरणं एका टेबलावर कधीच येत नाहीत. अमेरिकेत नावं झाकली जातात. आपल्याकडे ती लिहिलीच जात नाहीत. झाकलेलं निदान चुकून उघडं पडू शकतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. सरकारच्या हाती हा अधिकार मोकाट दिला तर काय होतं, हे मॅगीच्या वेळी दिसलं, असं म्हणतात. जून २०१५ मध्ये शिशाच्या प्रमाणावरून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मॅगी परत घ्यायला लावली, हजारो टन माल नष्ट झाला. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कंपनीचं म्हणणं नीट ऐकलं नव्हतं आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर भिस्त होती त्या मान्यताप्राप्त नव्हत्या. पुन्हा केलेल्या चाचण्यांत शिसं मर्यादेतच निघालं. नुकसान खरं होतं, ते कामगारांनी आणि छोट्या पुरवठादारांनीही सोसलं. पण यातून रिकॉल कमी व्हावेत असा निष्कर्ष काढता येत नाही. न्यायालयाने दोष काढला तो चाचणीच्या आणि सुनावणीच्या पद्धतीत. चांगल्या प्रयोगशाळा उभारा, चार दिवसांत उत्पादकाला ऐका, मग ठामपणे नाव घेऊन बोला, असा त्याचा अर्थ मी घेतो. आणि मॅगीच्या वेळी आणखी एक गोष्ट दिसली: मनात आणलं तर या देशातल्या खेडोपाडीच्या किराणा दुकानातलं पाकीटही परत आणता येतं. पोहोचता येत नाही ही सबब तेव्हा गळून पडली.

छोट्या उत्पादकाला हा भार झेपणार नाही, हाही मुद्दा खरा आहे. राजकोटचा किंवा भिवंडीचा लघुउद्योजक दहा हजार हीटर परत घेऊन पैसे देऊ लागला तर बुडेल. म्हणूनच अशा वस्तूंसाठी विमा सक्तीचा असावा आणि त्याचा हप्ता किमतीत मिसळलेला असावा. वीसेक रुपयांनी वस्तू महागली तर महागू दे. आज तीच किंमत एखादं घर एकरकमी मोजतं.

मला हवी आहे ती एक सार्वजनिक नोंदवही, मराठीतही उघडणारी, उत्पादकाच्या नावाने शोधता येणारी. पहिली तक्रार कधी आली, घोषणा कधी झाली, किती नग विकले, किती परत आले, आणि शेवटचा आकडा दर महिन्याला नवा. हा शेवटचा रकाना रिकामा ठेवणाऱ्या कंपनीला त्या वस्तूसारखी दुसरी वस्तू विकता येऊ नये. ग्राहकाची नोंद ठेवण्याचं काम अवघड आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी मुंबई ग्राहक पंचायतीकडे पाहावं. १९७५ पासून ती शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून त्यांना महिन्याचा माल पोहोचवते आहे. कुठल्या महिन्यात कुठल्या संघाने काय घेतलं याचा हिशोब तिथे कार्यकर्ते ठेवत आले. तिथे एखाद्या तेलाचा डबा खराब निघाला तर तो कुठल्या घरांत गेला हे संध्याकाळपर्यंत कळेल. संगणक नसतानाही ही व्यवस्था चालत होती.

पण कुठल्याही नोंदवहीत पहिल्या ग्राहकाचंच नाव असतं, आणि आपल्याकडे वस्तू एका घरात थांबत नाही. बाळाचा वॉकर मावसबहिणीकडे जातो, तिथून धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंच्या नातवाला. जुना गिझर गावच्या घरी लागतो, कुकर भाचीच्या कॉलेजच्या खोलीवर. रॉक एन प्लेचेही कित्येक झोपाळे असेच हातोहात फिरत राहिले होते. या दुसऱ्या-तिसऱ्या घराचा फोन नंबर कंपनीकडे नसतो, त्यांना संदेश जात नाही, इंग्रजी संकेतस्थळ ते उघडत नाहीत. त्यांच्यासाठी वस्तूचं मोठं छायाचित्र आणि ठळक मराठी अक्षरांतलं पत्रक लागतं: अंगणवाडीच्या भिंतीवर, लसीकरणाच्या खोलीत, गॅस सिलिंडरच्या पावतीमागे, आठवडे बाजारात जुनं सामान विकणाऱ्याच्या हातगाडीशेजारी. छपाईचा खर्च उत्पादकाने द्यावा, आणि अंगणवाडी सेविकेला त्या कामाचे वेगळे पैसे मिळावेत.